ओल्या फडक्याचं टोक

‘द अ‍ॅगनी अँड द एक्स्टसी’ या १९६५ सालच्या चित्रपटात सिस्टिन चॅपेलच्या छताचं काम मायकेलअँजेलोच्या मनासारखं होत नसतं. तो गुत्त्यात बसलेला असतो. गुत्तेवाला आंबलेली दारू पिंप फोडून ओतून देतो. माल बिघडला की फेकायचा, हा त्याचा धंद्याचा नियम. ते पाहून मायकेलअँजेलो झालेला आपला चार्ल्टन हेस्टन ताडकन उठतो, रात्री चॅपेलमध्ये शिरतो, झालेलं काम नासवून टाकतो आणि पोपच्या माणसांना चुकवत करारा गावच्या संगमरवरी डोंगरात पळून जातो. तिथं पहाटे आभाळात ढग जमतात आणि त्या ढगांतून साक्षात ‘आदमची निर्मिती’ साकारते. वाद्यवृंद टिपेला पोचतो. चित्र झालं. रंगवायचं तेवढं राहिलं!

ते रंगवणं १५०८ पासून १५१२ पर्यंत चाललं होतं. भित्तिचित्रात गिलावा ओला असतो तोवरच रंग लावायचा असतो, म्हणजे रोज सकाळी आज आपल्या हातून होईल तेवढाच तुकडा लिंपून घ्यायचा. संध्याकाळी तो पसंत पडला नाही तर छिन्नीनं उडवायचा आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा लिंपायचा. मायकेलअँजेलोच्या हयातीतच त्याची चरित्रं लिहिली गेली. सुरुवातीच्या भागावर बुरशी धरली आणि तो हताश होऊन बसला, असं त्या चरित्रकारांनी नोंदवलंय. मला या बुरशीत जेवढी गोष्ट दिसते तेवढी त्या ढगांत दिसत नाही. गिलाव्यात पाणी जास्त झालं होतं. एवढा मोठा माणूस, आणि त्याच्या वाट्याला आला तो आपल्याकडच्या कुठल्याही गवंड्याला कळेल असा प्रश्न.

हा आक्षेप मला सुचला तो चित्रपट पाहून नव्हे. आमच्या घरामागे गणपतीचा कारखाना होता. कारखाना म्हणजे एक लांबट पत्र्याची शेड. आषाढापासून तिथं मूर्तींच्या रांगा लागायच्या आणि सगळ्यात शेवटचं काम डोळ्यांचं. त्याला आखणी म्हणतात. ते काम एकच माणूस करायचा, आम्ही त्यांना नाना म्हणायचो. नाना आखणीला बसले की शेडमधला रेडिओ बंद होई. ते श्वास रोखून पापणीची रेघ ओढत आणि रेघ पुरी झाली की श्वास सोडत, हे सगळ्यांना ठाऊक होतं. मांडीवर ओलं फडकं असायचं, त्याच्या टोकाला पीळ देऊन काडीसारखं टोकदार केलेलं, हे मात्र जवळ बसणाऱ्यालाच दिसे. चारपाच रेघांतली एक ते त्या टोकानं पुसत. रंग वाळायच्या आत, दुसऱ्या कुणाच्या लक्षात यायच्या आत. मला लहानपणी ओढलेल्या रेघेपेक्षा पुसलेल्या रेघेचं कोडं जास्त वाटे, कारण माझ्या डोळ्यांना ती बरोबरच दिसलेली असायची.

तेव्हापासून चित्रकारावरचा कुठलाही चित्रपट पाहताना मी ते फडकं शोधतो. बहुतेक चित्रपटांत ते सापडत नाही. नटाचा चेहरा जवळून दिसतो, मग ब्रश दिसतो, मग आपल्याला कॅलेंडरवरून पाठ असलेलं चित्र तयार होऊन समोर येतं. मधलं चुकणं, थांबणं, मागे सरकून डोळे बारीक करून बघणं आणि पुसणं गाळलेलं असतं. गाळलं तर काय बिघडलं, असं कुणी म्हणेल. चित्रपटाला दोन तासांत आयुष्य बसवायचं असतं. माझं म्हणणं असं, की जे गाळलं जातं तेच चित्रकाराचं आयुष्य असतं. उरतो तो कुणाही दुःखी, तापट, कर्जबाजारी माणसाचा वृत्तांत. तसे आपल्या ओळखीत चारदोन असतात आणि त्यांच्यावर कुणी चित्रपट काढत नाही.

व्हॅन गॉगचं तर या बाबतीत फारच झालं. १९५६ च्या ‘लस्ट फॉर लाइफ’मध्ये कर्क डग्लस त्याच्यासारखा हुबेहूब दिसतो, आणि गव्हाच्या शेतावरचे कावळे रंगवता रंगवता त्याच्या मनाचा तोल जातो व तो स्वतःवर गोळी झाडतो. कावळ्यांचं ते चित्र त्याचं शेवटचं नव्हतं, हे आता अभ्यासकांनी पुरतं दाखवून दिलंय. पण माझी तक्रार तारखेच्या चुकीबद्दल नाही. चित्र म्हणजे रोगाचं लक्षण, हा जो समज त्या दृश्यातून पक्का होतो त्याबद्दल आहे. ऑव्हेर गावातल्या शेवटच्या सत्तर दिवसांत या माणसानं सत्तरहून जास्त चित्रं केली. भावाला लिहिलेल्या पत्रांत तो पुन्हा पुन्हा रंगांच्या ट्यूबची यादी देतो. हा रंग इतका, तो इतका, कॅनव्हास इतके मीटर. ही शेतकऱ्यानं बियाण्याची करावी तशी यादी आहे. मोरिस पियाला हा दिग्दर्शक आधी चित्रकलाच शिकलेला. त्यानं १९९१ साली ‘व्हॅन गॉग’ काढला तेव्हा कान कापण्याचा प्रसंग घेतलाच नाही. गोष्टच त्याच्या नंतरची, ऑव्हेरमधली. त्यामुळे पडद्यावर चिडका, थकलेला, कामाला जाणारा माणूस दिसतो. तेवढ्यानंसुद्धा किती हलकं वाटतं.

गंमत म्हणजे ‘लव्हिंग व्हिन्सेंट’ हा २०१७ सालचा चित्रपट. त्यातल्या जवळजवळ ६५ हजार चौकटी शंभरावर चित्रकारांनी तैलरंगात हातानं रंगवल्या. एका कॅनव्हासवर एक चौकट रंगवायची, तिचा फोटो काढायचा, मग हललेला भाग खरवडून त्याच जागी पुढची चौकट रंगवायची. म्हणजे हजारो वेळा चित्र काढून पुसलं गेलं तेव्हा कुठे ते पात्र मान वळवू शकलं. आणि एवढं करून गोष्ट कसली सांगितली, तर त्याला गोळी कुणी घातली याच्या तपासाची. पुसण्याचा डोंगर पडद्यामागे आणि पडद्यावर पोलिसी चौकशी!

गायकांचं याबाबतीत बरं असतं. ‘बालगंधर्व’ असो की ‘मी वसंतराव’, गाणं पडद्यावर घडतं, आपल्या डोळ्यांदेखत, कानांदेखत. शिवाय आपल्याकडे गुरूपुढे बसलेला शिष्य, बेसूर लागलेला गंधार आणि गुरूच्या कपाळावरची आठी हे दृश्य इतकं मुरलेलं आहे, की गायकाच्या चरित्रपटात चूक असणारच हे प्रेक्षकानं गृहीत धरलेलं असतं. चुकल्याशिवाय रियाज कसला? चित्रकाराला मात्र आपण रियाज द्यायला तयार नसतो. त्याला झटका येतो, साक्षात्कार होतो, तो व्यसनी होतो. यामागे कॅमेऱ्याची एक खरी अडचणही आहे. गाणं वेळात पसरतं, चित्रपटही वेळात पसरतो, चित्र मात्र पुरं झालं की वेळेच्या बाहेर जाऊन बसतं. त्याला किती दिवस लागले हे त्याच्याकडे बघून कळत नाही. ते दिवस परत मिळवायचे तर चित्रपटाला ते शोधत जावं लागतं.

दिग्दर्शक क्लूझोनं १९५६ साली ‘द मिस्टरी ऑफ पिकासो’मध्ये ते शोधले. युक्ती साधी होती. पलीकडे शाई उमटेल असा कागद ताणून बसवायचा, पिकासोनं एका बाजूनं काढायचं आणि कॅमेऱ्यानं दुसऱ्या बाजूनं बघायचं. हात दिसत नाही, आपोआप फुटल्यासारख्या रेघा फुटत जातात. मासा होतो, माशाचा कोंबडा होतो, कोंबड्याचा चेहरा. पहिला अर्धा तास ही जादूच वाटते आणि खरं सांगायचं तर थोडी जादूगिरीही वाटते. पिकासोला आपण बघितले जातोय हे पक्कं ठाऊक असतं. मग शेवटी एक मोठं चित्र येतं, समुद्रकिनाऱ्याचं. त्यात आकृत्या येतात, जातात, झाकल्या जातात, पुन्हा उकरल्या जातात. बघता बघता चित्र चिखलासारखं होत जातं आणि पिकासो स्वतःच म्हणतो की हे वाईट चाललंय. तो नवा कॅनव्हास घेतो. चित्रपटात पिकासो पहिल्यांदा मला पिकासो वाटतो तो त्या क्षणी.

कॅमेऱ्यासमोर चुकणं सगळ्यांनाच झेपत नाही. छायाचित्रकार हान्स नामुथनं १९५० साली चित्रकार जॅक्सन पोलॉकचं काम चित्रित केलं. पोलॉकनं घराबाहेर, नोव्हेंबरच्या गारठ्यात, काचेवर रंग ओतायचे आणि कॅमेऱ्यानं काचेखालून टिपायचं. काचेवरच्या पहिल्या चित्राशी आपला संबंध सुटला म्हणून दुसरं सुरू केलं, असं पोलॉक त्या लघुपटात स्वतः सांगतो. काच पुसली जाते आणि तो पुन्हा सुरू करतो. दहा मिनिटांच्या त्या फिल्ममधली हीच सगळ्यात प्रामाणिक जागा. शेवटचं चित्रीकरण संपलं त्या संध्याकाळी, दोन वर्षांच्या संयमानंतर, त्यानं व्हिस्कीची बाटली काढली आणि पाहुण्यांसमोर जेवणाचं टेबल उलथं केलं. एड हॅरिसच्या ‘पोलॉक’मध्ये (२०००) हा प्रसंग आहे आणि हॅरिसनं त्यातली चित्रं स्वतः काढायला शिकून घेतलं होतं. तरी त्या चित्रपटात टेबलाचा आवाज काच पुसण्याच्या आवाजापेक्षा मोठाच आहे.

याच्या दुसऱ्या टोकाला व्हिक्टर एरिसेचा १९९२ चा स्पॅनिश चित्रपट, ज्याचं नाव ‘क्विन्सच्या झाडावरचं ऊन’ असं काहीसं होईल. क्विन्स म्हणजे सफरचंद-नासपतीच्या कुळातलं पिवळं, ओबडधोबड फळ. माद्रिदमधला चित्रकार आंतोनियो लोपेझ गार्सिया स्वतःच्या भूमिकेत आहे, झाड त्याच्या अंगणातलं आहे आणि गोष्ट अशी, की १९९० च्या शरदात तो त्या झाडाचं चित्र काढायला घेतो. बास. तो कॅनव्हास ताणतो. झाडाच्या मधोमध ओळंबा सोडतो, आडवी दोरी बांधतो. आपले पाय रोज त्याच जागी पडावेत म्हणून बुटांच्या टोकांशी जमिनीत खिळे ठोकतो. फळांवर आणि पानांवर पांढऱ्या रंगाच्या बारीक खुणा करतो, कारण फळ पिकत जाईल तसं जड होणार, फांदी वाकणार आणि खुणा खाली सरकणार. त्या सरकतात. त्याला कॅनव्हासवर फळं खाली घ्यावी लागतात. मग पाऊस येतो. तो झाडावर प्लॅस्टिकचा मांडव घालतो. त्याला हवं असलेलं ऊन दिवसातून थोडाच वेळ पडतं आणि पावसात तेही पडत नाही. काही आठवड्यांनी तो तैलचित्राचा कॅनव्हास उचलून तळघरात ठेवून देतो आणि पेन्सिलनं रेखाटन सुरू करतो. तेही पुरं होत नाही. फळं गळायला लागतात.

मधे घरात गवंडीकाम चाललेलं असतं. पोलंडहून आलेले मजूर भिंत फोडत असतात. जुना मित्र येऊन गप्पा मारतो, दोघं मिळून गाणं म्हणतात. सव्वादोन तासांत घडतं ते एवढंच. मी हा चित्रपट पहिल्यांदा पाहिला तेव्हा शेजारचा माणूस घोरत होता आणि मला त्याचा अजिबात राग आला नाही. चित्र काढणं बहुतेक वेळ असंच असतं, शेजारचा झोपू शकेल असं. पण त्या पांढऱ्या खुणा एकदा दिसल्या की झोप उडते. जगात एक माणूस एका फळाचा रोजचा उतार मिलिमीटरनं मोजतोय आणि आपण हरणार हे त्याला ठाऊक आहे. यात ना कान कापला जातो, ना टेबल उलथतं, तरी मला यापेक्षा जास्त ताण असलेला चित्रकाराचा चित्रपट माहीत नाही.

दिग्दर्शक रिव्हेतचा ‘ला बेल न्वाझ्यूज’ (१९९१) चार तासांचा. त्यातला चित्रकार काल्पनिक, मिशेल पिकोलीनं केलेला, पण कागदावर दिसणारा हात बर्नार द्युफूर या खऱ्या चित्रकाराचा आहे. टाकाचा करकर आवाज, कोळशाचा खरखर आवाज, फाडलेला कागद, पुन्हा सुरुवात. आणि समोर मॉडेल. तिला तो वाकवतो, पिळतो, तसंच राहायला सांगतो. माझ्या पाहण्यात पहिल्यांदाच असं झालं, की मॉडेल होणं म्हणजे अंगमेहनत आहे, तिलाही गोळे येतात, तिच्याही खांद्याला कळ लागते, हे प्रेक्षकाला स्वतःच्या खांद्यात जाणवतं. एरवी चित्रकाराच्या चित्रपटात स्त्री ‘प्रेरणा’ म्हणून येते, आणि प्रेरणेला कधी मुंग्या येत नाहीत.

याच जागी मराठी चित्रपटानं एक पाऊल पुढे टाकलंय, त्याचा पुरेसा उल्लेख होत नाही. रवी जाधवांचा ‘न्यूड’. २०१७ साली गोव्याच्या महोत्सवातल्या भारतीय विभागातून तो काढला गेला, त्यावरून रण माजलं आणि पुढच्या वर्षी तो प्रदर्शित झाला. रण नावावरून माजलं. चित्रपट मात्र कामाबद्दल आहे. नवऱ्याला सोडून मुलाला घेऊन मुंबईत आलेली यमुना जे. जे. स्कूलमध्ये मॉडेल म्हणून बसते, कारण मुलाला शिकवायचंय. इथं चित्रकाराच्या चित्रपटाचा कॅमेरा उलटा फिरतो आणि चौथऱ्यावरून विद्यार्थ्यांकडे बघतो. विद्यार्थी खोडताहेत, पुन्हा काढताहेत आणि त्यांच्या प्रत्येक खोडण्याची किंमत समोरची बाई न हलता मोजते आहे. पुसण्याला लागणारा वेळ कुणाच्या तरी शरीरातून जातो, हे इतक्या थेट ध्यानात आणून देणारा दुसरा चित्रपट मला आठवत नाही.

केतन मेहतांच्या ‘रंगरसिया’चं उलट झालं. रणजित देसाईंच्या ‘राजा रविवर्मा’ या कादंबरीवरचा हा चित्रपट २००८ सालीच तयार होता, पण आपल्याकडे पडद्यावर यायला २०१४ उजाडलं. अश्लीलतेचा खटला, मॉडेल सुगंधा, उडवलेला गुलाल. कलावंताच्या स्वातंत्र्याबद्दलचा त्याचा मुद्दा मला मान्यच आहे. पण रविवर्म्याच्या आयुष्यातली खरी उलथापालथ बिछान्यात झाली नाही, छापखान्यात झाली. १८९४ साली मुंबईत सुरू झालेला, पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला गेलेला तो शिळाछापखाना. प्रत्येक रंगाला वेगळा दगड, प्रत्येक दगडावर उलटं चित्र आणि कागद तेवढ्या वेळा पुन्हा पुन्हा नेमक्या त्याच जागी बसवायचा. एक दगड केसभर सरकला की लक्ष्मीच्या ओठांची लाली हनुवटीवर. राजवाड्यातली लक्ष्मी चाळीतल्या देवघरात पोचली ती असल्या केसभर अंतरांशी झगडून. त्याच छापखान्यात काम केलेले दादासाहेब फाळके पुढे देवांना हलवू लागले. म्हणजे आपला चित्रपटच ज्या दगडांवरून आला त्या दगडांकडे आपला चित्रपट नीट बघत नाही.

माझ्या म्हणण्याला एक मोठा अडथळा आहे आणि तो टाळून पुढे जाणं बरं नव्हे. मध्ययुगीन रशियन चित्रकारावरचा तारकोव्हस्कीचा ‘आंद्रेई रुब्लेव’. तीन तासांच्या या चित्रपटात रुब्लेव चित्र काढताना दिसतच नाही. पांढऱ्या भिंतीवर तो चिखल फासतो, तेवढंच. मग माझ्या फडक्याच्या कसोटीचं काय? मला वाटतं तारकोव्हस्कीनं ते फडकं दुसऱ्याच्या हातात दिलंय. शेवटच्या भागात एक पोरगा, घंटा ओतणाऱ्याचा मुलगा, बापानं मरताना आपल्याला गुपित सांगितलं अशी थाप मारून राजाची घंटा ओतायला घेतो. तो माती शोधत चिखलात लोळतो, भट्ट्या पेटवतो, माणसांवर ओरडतो. इथं पुसायची सोय नाही. धातू एकदा साच्यात गेला की गेला, आणि घंटा वाजली नाही तर मान जाईल. ती वाजते. मग तो हमसून रडत सांगतो की बापानं काहीच सांगितलं नव्हतं. हे ऐकून मौन धरलेला रुब्लेव बोलतो, आणि त्यानंतर काळ्यापांढऱ्या पडद्यावर पहिल्यांदा रंग येतात, त्याच्या चित्रांचे.

शिल्पकारांचं दुखणं इथं कळतं. शाडू पुन्हा मळता येतो, पण दगड आणि ओतीव धातू माफी देत नाहीत. रामकिंकर बैज यांच्याकडे ब्राँझला पैसे नव्हते, म्हणून त्यांनी १९३८ साली शांतिनिकेतनात ‘संथाळ कुटुंब’ सिमेंट आणि खडीच्या मिश्रणातून उभं केलं. ऋत्विक घटक १९७५ साली त्यांच्यावर लघुपट करत होते, तो अपुराच राहिला. त्यात रामकिंकर हसत हसत सांगतात की पावसात छप्पर गळतं तेव्हा आपलीच तैलचित्रं वर लावून भोकं बुजवतो. कॅनव्हासला पाणी लागत नाही ना! तो लघुपट अर्धवट आहे, तुटक आहे, आणि पुष्कळ पुऱ्या चरित्रपटांपेक्षा मी तो पुन्हा बघेन.

आपल्याकडे विनायकराव करमरकर होते, अलिबागजवळच्या सासवण्याचे. लहानपणी देवळाच्या भिंतीवर त्यांनी घोड्यावरच्या शिवाजीचं चित्र काढलं, ते ऑटो रॉथफील्ड या इंग्रज अधिकाऱ्यानं पाहिलं आणि पोराला जे. जे.त धाडलं. त्यांच्यावर चरित्रपट निघालाच तर देवळाची भिंत त्यात नक्की असेल. पण १९२८ साली पुण्यात उभा राहिलेला तो प्रचंड अश्वारूढ पुतळा ब्राँझमध्ये ओतायचा म्हणजे काय, साचा बांधल्यापासून धातू निवेपर्यंत शिल्पकाराच्या पोटात काय चाललं असेल, याला पटकथेत किती पानं मिळतील? मला शंका आहे.

आणि धुरंधर? महादेव विश्वनाथ धुरंधर १८९० साली विद्यार्थी म्हणून जे. जे.त शिरले आणि तिथंच शिकवून १९३१ साली निवृत्त झाले. ‘कलामंदिरातील एकेचाळीस वर्षे’ हे त्यांच्या आत्मचरित्राचं नाव. (त्याच रॉथफील्डच्या भारतीय स्त्रियांवरच्या पुस्तकाला चित्रं धुरंधरांची. जग लहान होतं.) पोस्टकार्डं, पुस्तकांची चित्रं, रेल्वेची पोस्टरं, भिंतीएवढे कॅनव्हास, हजारोंनी काम. वेळेवर शाळेत जाणारा, पगार घेणारा गृहस्थ. निर्माता विचारेल, यात संघर्ष कुठाय? मी म्हणेन, वर्षानुवर्षं रोज सकाळी विद्यार्थ्याच्या पाठीमागे उभं राहून ‘हा खांदा पुसा’ असं सांगायचं आणि घरी येऊन स्वतःचा खांदा पुसायचा, यात आहे. निर्माता चहा मागवेल आणि विषय बदलेल.

नानांकडे एकदा वृत्तवाहिनीची माणसं आली होती. हरतालिकेच्या आदल्या दिवशी, म्हणजे शेडमध्ये पाय ठेवायला जागा नसताना. आखणी दाखवा म्हणाले. नानांचं त्या दिवसाचं काम उरकलं होतं. मग एका झालेल्याच मूर्तीसमोर त्यांना बसवलं, तोंडावर दिवा टाकला आणि कोरडा ब्रश झालेल्या पापणीवरून फिरवायला सांगितलं. त्यांनी फिरवला, दोनदा, एकदा या बाजूनं एकदा त्या बाजूनं. हात जरासुद्धा हलला नाही. वाहिनीचा पोरगा खूश झाला. गाडी गेल्यावर नाना बराच वेळ त्या मूर्तीकडे बघत बसले. त्या दिव्यात त्यांना काहीतरी दिसलं असावं. त्यांनी फडकं पाण्यात बुडवलं, टोकाला पीळ दिला आणि डाव्या डोळ्याची वरची रेघ, वाळलेली असूनही, हळूहळू घासून काढायला लागले.